व्हेरोना नगरींतील जुनीं मंदिरें व घरें



परगांवीं गेलेला मनुष्य तेथील जुन्या इमारती दोन प्रकारें पाहूं शकतो. एक प्रकार असा कीं, वाटाड्या जिकडे बोट दाखवील तिकडे पाहावें, तो सांगेल तें ऐकावें आणि "फार जुनें आहे हो!" असें म्हणून पुढें चालूं लागावें. दुसरा प्रकार असा कीं, प्रत्येक इमारतीसमोर क्षणभर थांबून तिला तीन प्रश्न विचारावे. तुला कोणीं बांधिलें? केव्हां बांधिलें? आणि त्यानंतर आजपर्यंत तुझ्यावर कोणकोणते प्रसंग गुदरले? इमारती मुक्या असतात हें खरें. परंतु जो असे प्रश्न चिकाटीनें विचारतो, त्याला त्या उत्तर दिल्यावांचून राहत नाहींत. या लेखांत आपण इटली देशांतील व्हेरोना नगरींत मनानें एक दिवसाचा फेरफटका करूं, आणि हे तीन प्रश्न शिदोरीसारखे बरोबर घेऊं.

व्हेरोनाच कां निवडिलें, असें कोणी विचारील. खरें जुनें, डागडुजी केलेलें जुनें आणि जुन्याचें सोंग घेतलेलें नवें, हीं तिन्ही त्या शहरांत एकमेकांच्या शेजारीं उभीं आहेत. आणि मौज ही कीं, सर्वांत मोठी गर्दी जमते ती तिसऱ्या प्रकारापुढें! म्हणून पारख शिकण्यास ही जागा फार चांगली.

प्रथम शहराची थोडी ओळख करून घेऊं. उत्तर इटलींत, आल्प्स पर्वताच्या पायथ्यालगत, आदिजे नदीच्या एका मोठ्या वळणांत व्हेरोना वसलें आहे. रोमन लोकांच्या काळापासून तें नांदतें शहर आहे. रोमन साम्राज्य मोडल्यावर गॉथ लोकांचा राजा थिओडोरिक (राज्यकाल ४९३ ते ५२६) याचा येथें राजवाडा होता. पुढें १२६२ पासून १३८७ पर्यंत स्काला घराण्यानें येथें सत्ता गाजविली. १४०५ पासून १७९७ पर्यंत शहर व्हेनिसच्या ताब्यांत होतें. नंतर फ्रेंच व ऑस्ट्रियन अंमल येऊन गेले आणि १८६६ सालीं तें इटलीच्या राज्यांत सामील झालें. इतके धनी पाहिलेल्या नगरीच्या भिंती एकाच हातच्या कशा असतील? २००० सालीं युनेस्को या संस्थेनें या शहराचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश केला.

आपला फेरफटका ब्रा नांवाच्या विस्तीर्ण चौकांतून सुरू होतो. समोर दिसते ती रोमन रंगभूमि, जिला 'अरेना' म्हणतात. ही इसवी सनाच्या पहिल्या शतकांत बांधिली. तिचा दगड जवळच्याच डोंगरांतील पांढरा व गुलाबी चुनखडीचा दगड आहे. या शहरांत चालतांना पायाखालच्या तांबूस फरशीकडेही लक्ष द्यावें. तींत ठिकठिकाणीं वेटोळ्याच्या आकाराच्या खुणा दिसतात. कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्रांत राहणाऱ्या शंखधारी प्राण्यांचे ते अवशेष होत. आपल्याकडे देवघरांत जो शाळिग्राम पुजतात, त्यांतील चक्रही अशाच जातीच्या प्राण्याचें असतें. म्हणजे व्हेरोनाचा दगड सुद्धां तीन प्रश्नांचें उत्तर देतो, आणि तें उत्तर मनुष्यजातीहून जुनें आहे.

अरेनेचा बाहेरचा वेढा आतां जवळजवळ नाहींसा झाला आहे. ३ जानेवारी १११७ रोजीं उत्तर इटलींत मोठा भूकंप झाला आणि त्यांत तो बहुतेक ढासळला. त्याचा आज उरलेला भाग म्हणजे अवघ्या चार कमानींची रांग. लोक तिला 'पंख' म्हणतात. आंतला भाग मात्र इतका धड आहे कीं, १९१३ पासून उन्हाळ्यांत तेथें संगीत नाटकें होतात. हा १११७ चा आंकडा लक्षांत ठेवा. शहरांतील पुष्कळ चर्चांचा जन्म किंवा पुनर्जन्म या भूकंपानंतरचा आहे.

येथून पश्चिमेकडे चालत गेल्यास संत झेनो यांचें चर्च लागतें. झेनो हे चौथ्या शकतांत व्हेरोनाचे बिशप होते. परंपरेप्रमाणें ते मूळचे आफ्रिकेंतील होत. आजची इमारत मुख्यतः बाराव्या शतकांतील आहे. तिच्या खिडक्या व कमानी वाटोळ्या आहेत, भिंती जाड आहेत. अशी वाटोळी कमान दिसली कीं ती सामान्यतः 'रोमानेस्क' पद्धतीची, म्हणजे मध्ययुगाच्या पूर्वार्धांतली, असें समजावें. टोंकदार कमान दिसली तर ती त्यानंतरच्या 'गॉथिक' पद्धतीची. एवढी एक खूण लक्षांत ठेविली तरी निम्मा इतिहास डोळ्यांनीं वाचतां येतो.

या चर्चचें दार पाहण्यासारखें आहे. लांकडी फळ्यांवर ब्राँझचे अठ्ठेचाळीस चौकोनी पत्रे ठोकलेले आहेत आणि त्यांवर पवित्र शास्त्रांतील प्रसंग व संत झेनोंच्या चरित्रांतील कथा उठावांत घडविल्या आहेत. ज्या काळीं गांवांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, त्या काळीं हें दार म्हणजे त्यांचें पुस्तकच होतें. पत्रे नीट पाहिले तर सर्व एका हातचे नाहींत हें ध्यानांत येतें. कांहीं आकृति ओबडधोबड व जोरकस आहेत, कांहीं अधिक सुबक आहेत. निरनिराळ्या कारागिरांनीं निरनिराळ्या काळीं तें काम केलें आहे. दाराच्या वर मोठी चक्राकार खिडकी आहे, तिला दैवाचें चक्र म्हणतात. तिच्या परिघावर माणसांच्या मूर्ति बसविल्या आहेत. कोणी वर चढत आहे, कोणी माथ्यावर बसला आहे, कोणी खालीं कोसळत आहे. दाराशेजारील भिंतीवर थिओडोरिक राजा शिकारीच्या मागें घोडा फेंकीत थेट नरकाकडे निघाला आहे, असें शिल्प आहे. राजा कितीही मोठा असो, लोक त्याच्याविषयीं काय म्हणतात तें शेवटीं दगडावर उमटतेंच!

आंत गेल्यावर रंगीत संगमरवराची संत झेनोंची बैठी मूर्ति दिसते. त्यांचा चेहरा सांवळा असून ते मनापासून हंसत आहेत, आणि हातांतील काठीस मासा लटकत आहे, कारण ते आदिजे नदींत गळ टाकून मासे धरीत अशी कथा आहे. एवढ्या गंभीर मंदिरांत हंसणारा संत पाहून येणाऱ्याचेंही मन हलकें होतें.

मुख्य वेदीवर मांतेन्या या चित्रकारानें १४५६ ते १४५९ या काळांत काढिलेलें मोठें चित्र आहे. येथें आपला तिसरा प्रश्न विचारला पाहिजे. १७९७ सालीं नेपोलियनच्या फ्रेंच सैन्यानें हें चित्र उचलून फ्रान्सला नेलें. १८१५ सालीं वरचीं तीन मोठीं चित्रें परत आलीं. पण खालच्या पट्टींतील तीन लहान चित्रें आजही फ्रान्समध्येंच आहेत. त्यांच्या जागीं व्हेरोनांत नकला बसविल्या आहेत. नकला म्हणून त्यांना कमी लेखण्याचें कारण नाहीं, कारण त्या नकला आहेत हें लपविलेलें नाहीं. लबाडी नकलेंत नसते, नक्कल असून अस्सल म्हणवून घेण्यांत असते.

परत फिरतांना नदीकाठीं तांबड्या विटांचा एक किल्ला लागतो. त्याचें नांव कास्तेलवेक्कियो, म्हणजे जुना किल्ला. स्काला घराण्यांतील दुसऱ्या कांग्रांदेनें तो १३५४ नंतर बांधविला, आणि नदीपार जाण्यास त्याला लागून एक भक्कम पूलही बांधिला. आज या किल्ल्यांत पदार्थसंग्रहालय आहे. १९२० नंतरच्या दशकांत संग्रहालयाचे संचालक आंतोनिओ आवेना यांनीं तेथील लष्करी बराकीस मध्ययुगीन वाड्याचा साज चढविला. शहरांतील पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या गॉथिक खिडक्या आणून त्यांनीं येथें बसविल्या. खिडक्या खऱ्या, भिंतही खरी, पण त्या खिडक्या त्या भिंतीच्या नव्हेत! पुढें १९५८ पासून कार्लो स्कार्पा या वास्तुशिल्पज्ञानें तेथें निराळ्या विचारानें काम केलें. त्यानें नव्या भागांत लोखंड, काँक्रीट व कांच उघडपणें वापरली. नवी फरशी जुन्या भिंतीस भिडविण्याऐवजीं मध्यें बारीक फट सोडली. जुनें कोठें संपलें व नवें कोठें सुरू झालें हें लहान मुलासही दिसावें, असा त्याचा हेतु होता. आवेना व स्कार्पा या दोघांचेंही जुन्यावर प्रेम होतें. परंतु एकानें त्यास नटविलें, दुसऱ्यानें त्यास बोलूं दिलें.

आतां शहराच्या पूर्व भागाकडे वळूं. नदीजवळ संत फेर्मो यांचें चर्च आहे. खरें म्हणजे हीं एकावर एक उभीं असलेलीं दोन चर्चें होत. खालचें १०६५ सालीं बेनेडिक्टाइन साधूंनीं बांधावयास घेतलें. पुढें तेराव्या शतकांत हें स्थान फ्रान्सिस्कन साधूंकडे आलें, व त्यांनीं वर गॉथिक धर्तीचें विशाल मंदिर उभारलें. खालीं ठेंगणें छत, दाट खांब आणि शांत काळोख. वर उंच मोकळी जागा आणि उलट्या तारवाच्या आकाराचें लांकडी छत. त्या छतावर चारशेंहून अधिक संतांचीं चित्रें ओळींनीं रंगविलेलीं आहेत. वाटोळी कमान व टोंकदार कमान यांतील भेद पुस्तकावांचून शिकावयाचा असेल, तर या चर्चच्या बाहेर उभें राहून भिंतीवर खालून वर नजर न्यावी.

येथून मध्य शहराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या नांवांत 'कापेल्लो', म्हणजे टोपी, हा शब्द येतो. त्या रस्त्यावर एके ठिकाणीं इतकी गर्दी असते कीं, पाऊल टाकणें कठीण! हें 'ज्युलिएटचें घर'. शेक्सपियरचें रोमिओ व ज्युलिएट यांचें नाटक तुमच्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. दोन वैरी घराणीं, त्यांतील मुलगा व मुलगी यांचें प्रेम, सज्जाखालीं झालेलें संभाषण आणि शेवटचा करुण अंत. लोक दूरदूरच्या देशांतून येतात, अंगणांत उभे राहून वरच्या दगडी सज्जाकडे पाहतात आणि सद्गदित होतात.

आतां आपले प्रश्न विचारूं. घर कोणीं बांधिलें? घर मध्ययुगांतील आहे यांत शंका नाहीं. तें दाल कापेल्लो नांवाच्या कुटुंबाचें होतें, आणि दारावरील कमानींत त्या कुटुंबाची खूण असलेली दगडी टोपी आजही आहे. कापेल्लो हें नांव नाटकांतील कॅप्युलेट या नांवाशीं जुळतें, एवढ्यावरून लोकांनीं या घराशीं कथेचा संबंध जोडला. आणि ती कथा? १४७६ सालीं मासुच्चो नांवाच्या लेखकानें अशीच गोष्ट लिहिली, पण ती सिएना शहरांत घडली असें सांगितलें. पुढें १५३० च्या सुमारास लुइजी दा पोर्तो यानें ती व्हेरोनांत आणली, आणि तीच निरनिराळ्या लेखकांच्या हातून शेक्सपियरपर्यंत पोंचली. दांते कवीच्या काव्यांत मोंतेक्की व काप्पेल्लेत्ती हीं नांवें आहेत, पण तीं भांडणाऱ्या पक्षांचीं म्हणून. प्रेमकथेचा तेथें मागमूस नाहीं.

मग तो सज्जा? चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकारानें १८४४ सालीं हें घर पाहिलें, तेव्हां तेथें एक दरिद्री खानावळ होती. १९०५ सालीं नगरपालिकेनें तें विकत घेतलें. १९३६ ते १९४० या काळांत त्याची दुरुस्ती झाली, आणि दुरुस्ती करणारे होते तेच आवेना. ज्युलिएटला सज्जा पाहिजे आणि घराला तर तो नाहीं. म्हणून जुन्या दगडांतून एक सज्जा रचून भिंतीस बसविण्यांत आला. म्हणजे ज्या सज्जाकडे पाहून लोकांचे डोळे भरून येतात, तो शेक्सपियरच्या मृत्यूनंतर तीनशें वर्षांहून अधिक काळानें तेथें आला! अंगणांतील ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा तर १९७२ सालीं बसविलेला. पाहुण्यांच्या हातांनीं तो झिजला, म्हणून २०१४ सालीं मूळ पुतळा आंत ठेवून बाहेर त्याची नक्कल उभी केली. शहराच्या दुसऱ्या भागांत 'ज्युलिएटची कबर' म्हणून तांबूस दगडाची एक रिकामी पेटी दाखवितात. पूर्वीं लोक तिचे तुकडे आठवण म्हणून तोडून नेत. बायरन कवीनेंही १८१६ सालीं नेले.

याचा अर्थ असा नव्हे कीं, तेथें जाऊं नये किंवा तेथें गहिंवरणाऱ्यास हंसावें. काव्यांतील ज्युलिएट खोटी नाहीं. ती काव्यांत खरी आहे. वडील माणसांचीं वैरें मुलांच्या जिवावर कशीं उठतात, हें त्या नाटकानें जगाला शिकविलें, आणि तें सत्य कोणत्याही सज्जावर अवलंबून नाहीं. आपण एवढेंच करावें कीं, काव्याचें सत्य काव्यांत व इतिहासाचें सत्य इतिहासांत ठेवावें. एकाची पावती दुसऱ्याच्या नांवें फाडूं नये.

दोन मिनिटांत आपण भाजीबाजाराच्या चौकांत येतों. 'पियात्सा देल्ले एर्बे' हें त्याचें नांव. रोमन काळीं येथेंच शहराचा मुख्य चौक होता. मध्यें १३६८ सालचें कारंजें आहे, आणि त्यावरील मूर्ति मात्र त्याहून कितीतरी जुनी, रोमन काळची! बाजूला लांबेर्ती मनोरा आहे, त्याची उंची ८४ मीटर. शेजारच्या चौकांत जाण्यास एक कमान आहे, व तिच्याखालीं देवमाशाचें एक मोठें हाड टांगलेलें आहे. जो पहिला खरोखर सज्जन मनुष्य त्याखालून जाईल, त्याच्या अंगावर तें पडेल, अशी दंतकथा आहे. हाड अद्याप जागच्या जागीं आहे.

कमानीपलीकडे दांते कवीचा पुतळा दिसतो. फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या दांतेला येथील स्काला घराण्यानें आश्रय दिला होता. त्या घराण्याच्या कबरी जवळच, एका लहान चर्चच्या अंगणांत, उघड्यावर आहेत. स्काला म्हणजे शिडी. म्हणून कबरींभोंवतालच्या लोखंडी जाळींत शिडीची आकृति पुनःपुन्हां गुंफलेली दिसते. सर्वांत प्रसिद्ध कबर थोरल्या कांग्रांदेची. तो १३२९ सालीं वारला. कबरीवरील त्याचा अश्वारूढ पुतळा ही नक्कल आहे. मूळ पुतळा पावसापाण्यापासून वांचविण्यासाठीं मघां पाहिलेल्या किल्ल्यांत ठेविला आहे. २००४ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचा देह तपासला, तेव्हां शरीरांत डिजिटॅलिस या विषारी वनस्पतीचे अंश आढळले. पावणेसातशें वर्षांनंतरही प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर मिळालें! याच गल्लींत 'रोमिओचें घर' म्हणून एक मध्ययुगीन इमारत दाखवितात. ती खाजगी मालकीची असल्यानें बाहेरूनच पाहावी लागते. तिचाही कथेशीं संबंध केवळ ऐकीव आहे.

जवळच संत आनास्तासिया यांचें चर्च आहे. डोमिनिकन साधूंनीं हें १२९० सालीं सुरू केलें. शहरांतील हें सर्वांत मोठें चर्च, पण याचा दर्शनी भाग आजपर्यंत अपुरा आहे. दाराभोंवतीं संगमरवर आणि वर उघड्या विटा. अपुरें तें अपुरेंच ठेविलें, ही सुद्धां एक प्रकारची सचोटीच. आंत शिरतांच पवित्र पाण्याचीं दोन पात्रें दिसतात, आणि तीं पाठीवर पेलणारे दोन कुबडे मजूर. ते राजे नव्हेत, संतही नव्हेत. ओझ्याखालीं वांकलेलीं साधीं माणसें आहेत. त्यांच्यापुढें मला नेहमीं वाटतें कीं, 'कोणीं बांधिलें?' या प्रश्नाचें खरें उत्तर अशाच माणसांपाशीं असतें, आणि त्यांचीं नांवें मात्र कोठेंही कोरलेलीं नसतात.

पुढें मुख्य चर्च आहे, आणि त्याला लागून एक ग्रंथालय. जगांतील अत्यंत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. तेथें उर्सिसिनस नांवाच्या लेखकानें लिहिलेली एक पोथी आहे. तिच्यावर त्यानें स्वतःचें नांव, व्हेरोना हें ठिकाण आणि १ ऑगस्ट ५१७ ही तारीख टिपून ठेविली आहे. आपले पहिले दोन प्रश्न आपण विचारण्यापूर्वींच त्यानें सोडविले! दुसऱ्या एका पोथीच्या मोकळ्या जागेंत एक कोडें लिहिलेलें आढळलें. त्यांत लेखनाच्या कामाला शेत नांगरण्याची उपमा दिली आहे, आणि त्याची भाषा लॅटिनमधून इटालियन भाषा जन्म घेत असतांनाची आहे. ४ जानेवारी १९४५ रोजीं बाँबवर्षावांत ग्रंथालयाचें दालन जमीनदोस्त झालें. परंतु पोथ्या अगोदरच सुरक्षित जागीं हलविल्या होत्या, म्हणून त्या वांचल्या.

आपला दिवस संपतो तो 'पोंते पिएत्रा', म्हणजे दगडी पुलावर. एप्रिल १९४५ मध्यें माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें व्हेरोनाचे सर्व पूल सुरुंग लावून उडविले. हा पूलही गेला आणि किल्ल्याचा पूलही गेला. युद्ध संपल्यावर लोकांनीं नदीच्या तळांतून मूळचे दगड व विटा वेंचून काढल्या, जुन्या चित्रांवरून व मापांवरून त्यांच्या जागा ठरविल्या आणि दोन्ही पूल पुन्हां उभे केले. किल्ल्याचा पूल १९५१ सालीं पुरा झाला, दगडी पूल १९५९ सालीं. आजही डाव्या काठाकडील दोन कमानी रोमन पद्धतीच्या पांढऱ्या दगडांच्या, व उरलेल्या मुख्यतः विटांच्या, असा भेद दुरून दिसतो.

आतां सांगा, हा पूल जुना कीं नवा? ज्युलिएटचा सज्जाही जुन्या दगडांचाच आहे आणि हा पूलही. पण सज्जा कधीं नव्हता तेथें आला, आणि पूल होता तेथें परत आला. एकाचा जन्म पाहुण्यांच्या इच्छेंतून झाला, दुसऱ्याचा नगरवासीयांच्या आठवणींतून. तरीही पुलावर कोणी गहिंवरत नाहीं! लोक त्यावरून घाईघाईनें पार होतात.

मित्रहो, पुढील सहलीस तुम्ही कोठेंही गेलां तरी हे तीन प्रश्न बरोबर न्या. ठाऊक नसेल तेथें "ठाऊक नाहीं" असें वहींत लिहा. ऐकीव असेल तेथें "असें म्हणतात" हे दोन शब्द जोडा. पाहिलेलें असेल तेथें काय पाहिलें तें लिहा. पालकांसही विनंति कीं, मुलानें एखाद्या जुन्या वास्तूसमोर "हें खरें कशावरून?" असें विचारल्यास त्याला गप्प करूं नये. इतकी संवय लागली म्हणजे झालें. मग एखादे दिवशीं तुम्ही खरोखरच व्हेरोनास गेलां, तर त्या देवमाशाच्या हाडाखालून मात्र जरा जपून जा!